पेशंटच्या श्वासाला साथ देणारा व्हेंटिलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेंटिलेटरवर ठेवलंय म्हटलं की निपचित पडलेला माणूस आणि त्याच्या वतीने श्वास घेणारं यंत्र, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. आयसीयूतले बरेच पेशंट मात्र व्हेंटिलेटरवर असूनही स्वतः श्वास घेत असतात आणि मशीन त्या श्वासाला जोड देतं. ही जोड कशी जमते आणि कधी फसते, याबद्दल नातेवाईक, नर्सिंगचे विद्यार्थी आणि आयसीयूत नव्याने रुजू झालेली मंडळी जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

श्वास पेशंट घेतोय की मशीन?

बहुतेक वेळा दोघं मिळून. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र हुकूम सोडतं. तो मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक नसेवाटे श्वासपटलापर्यंत पोचतो, श्वासपटल आकसून खाली सरकतं आणि हवा आत ओढली जाते. फुफ्फुस कडक झालं असेल किंवा श्वासनलिका आक्रसल्या असतील, तर तेवढ्याच जोरात पुरेशी हवा येत नाही आणि स्नायू थकत जातात. मग मशीन दाब लावून हवा आत ढकलतं. कोणी किती काम करायचं हे डॉक्टर ठरवतात, आणि हा वाटा दिवसातून अनेकदा बदलू शकतो.

स्क्रीनवरून अंदाज बांधता येतो. मशीनवर मिनिटाला १४ श्वास लावलेले आहेत आणि एकूण श्वास २२ दिसताहेत, तर पेशंट स्वतः श्वास मागतोय. फक्त वरचे ८ त्याचे, असं मात्र नाही. असिस्ट-कंट्रोल मोडमध्ये (पेशंटने मागितलेला प्रत्येक श्वास मशीन पुरा करून देतं ती पद्धत) अशा वेळी बहुधा सगळेच्या सगळे २२ श्वास त्यानेच सुरू केलेले असतात, कारण मशीनची पाळी येण्याआधीच त्याची मागणी येते. एक शंका तेवढी ठेवायची: हे जादाचे श्वास खरंच पेशंटचे आहेत ना? तो प्रश्न पुढे येतोच.

पेशंटने श्वास घ्यायला सुरुवात केली हे मशीनला कळतं कसं?

रूढ पद्धती दोन. पहिली दाबाची. पेशंटने हवा ओढायचा प्रयत्न केला की त्याला मशीनशी जोडणाऱ्या नळीतला दाब किंचित उतरतो. ही उतरंड १ ते २ सेंटिमीटर पाण्याइतकी (इथे दाब याच एककात मोजतात) झाली की मशीन श्वास सुरू करतं. दुसरी प्रवाहाची. मशीन नळीतून सतत थोडी हवा फिरवत ठेवतं. जितकी सोडली तितकी परत आली तर पेशंट शांत आहे. मिनिटाला १ ते ३ लिटरच्या हिशेबाने कमी परत आली, तर ती त्याने ओढली. या दोन्हीला ट्रिगर म्हणतात आणि तो किती हळवा ठेवायचा ते आकड्यात लावता येतं.

खरी मेख इथे आहे. श्वासपटल आकसायला लागणं आणि मशीनला ते कळणं यात सेकंदाचा काही हिस्सा जातोच, कारण मशीन नळीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत असतं. ट्रिगर फार बोथट ठेवला तर पेशंट धडपडतो आणि मशीन ढिम्म. फार हळवा ठेवला तर कोणी न मागताच श्वास.

सुरुवातीची मशीन अशी नव्हती का?

१९२८ साली बॉस्टनमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांचं ‘आयर्न लंग’ पहिल्यांदा वापरलं गेलं. मानेपासून खालचं सगळं शरीर लोखंडी पिंपात, आणि पिंपातला दाब ठरलेल्या तालावर कमी-जास्त व्हायचा. पेशंटने त्या तालाशी जुळवून घ्यायचं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र करून त्यातून थेट हवा द्यायला सुरुवात केली. पुरेशी यंत्रं नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबल्या. पिशवी हातात असली की पेशंटची ओढ बोटांना जाणवते आणि आपोआप त्याच्या तालावर दाबली जाते. पुढची कित्येक दशकं मशीनला हेच शिकवण्यात गेली आहेत.

मोडची नावं ऐकून गोंधळ होतो. थोडक्यात सांगाल?

असिस्ट-कंट्रोलमध्ये पेशंटने मागितलेला प्रत्येक श्वास मशीन ठरलेल्या मापाने पुरा करून देतं. त्याने मागितलाच नाही, तर ठरलेल्या वेळी स्वतःहून देतं. प्रेशर सपोर्टमध्ये श्वास सुरू करणं, तो किती खोल घ्यायचा आणि कधी संपवायचा, यातलं बरंचसं पेशंटच्या हातात असतं. मशीन फक्त ठरलेला दाब मागून लावतं, साधारण ५ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान. एसआयएमव्ही म्हणजे काही श्वास मशीनचे, मधले पेशंटचे. हा मोड पूर्वी फार लाडका होता. आलटून पालटून हलका आणि जड श्वास आला म्हणून स्नायूंना विश्रांती मिळेल, ही अपेक्षा फोल ठरली, कारण श्वसनकेंद्र पुढचा श्वास कोणता येणार हे बघून जोर कमी-जास्त करत नाही. १९९५ मध्ये स्पेनमधल्या अभ्यासात मशीन सोडवण्याच्या पद्धतींची तुलना झाली, त्यात हा प्रकार मागे पडला. तरी सवयीने तो अजून लावलेला दिसतो. माझ्या मते आता प्रौढ पेशंटमध्ये त्याचं फारसं काम उरलेलं नाही.

आणि श्वास थांबवायचा कधी, हे कोण ठरवतं?

याकडे लोकांचं लक्ष कमी जातं, पण त्रास इथेही तितकाच. प्रेशर सपोर्टमध्ये हवेचा प्रवाह सुरुवातीला जोरात असतो आणि फुफ्फुस भरत जाईल तसा ओसरतो. सर्वोच्च प्रवाहाच्या साधारण २५ टक्क्यांवर तो आला की मशीन श्वास बंद करतं. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) असलेल्या पेशंटच्या नलिका अरुंद, त्यामुळे प्रवाह फार सावकाश ओसरतो. पेशंट उच्छ्वास सोडायला लागलेला असतो आणि मशीन अजून आत ढकलतच असतं. अशा वेळी हा आकडा ४० किंवा ५० टक्क्यांवर नेला की श्वास लवकर सुटतो. कडक फुफ्फुसात नेमकं उलट होतं: श्वास फार लवकर तुटतो, पेशंटची भूक भागलेली नसते आणि तो लगेच दुसरा मागतो.

‘पेशंट मशीनशी भांडतोय’ असं सांगितलं. म्हणजे काय?

पेशंट आणि मशीन यांचा ताल जुळत नाहीये. दोष बहुतेक वेळा पेशंटचा नसतो. त्याला जे हवंय ते मशीनला ऐकू येत नसतं, किंवा लावलेलं सेटिंग त्याच्या गरजेशी जुळत नसतं. याचे प्रकार बरेच आहेत, पण दोन नीट समजून घेण्यासारखे.

पहिला म्हणजे वाया जाणारे प्रयत्न. सीओपीडीच्या पेशंटचा उच्छ्वास पूर्ण व्हायच्या आत पुढच्या श्वासाची वेळ येते, आणि थोडी हवा आत अडकून राहते. समजा या अडकलेल्या हवेचा दाब ८ सेंटिमीटर आहे आणि ट्रिगर २ वर लावलाय. मशीनपर्यंत हाक पोचायची तर पेशंटने आधी आतले ८ ओढून काढायचे, मग वरचे २. दहाच्या दहा त्याच्या दमलेल्या स्नायूंनी ओढायचे, तेव्हा कुठे मशीन हलणार. काही श्वासांना जमतं, काहींना नाही. वरून सपोर्ट जास्त लावला असेल तर दर श्वासाला आणखी हवा भरते, आणखी अडकते आणि त्रास वाढतो. म्हणून इथे उपाय बऱ्याचदा सपोर्ट वाढवण्याचा नसून कमी करण्याचा असतो. शिवाय मशीनकडून बाहेरचा पीप (उच्छ्वासाच्या शेवटीही नळीत राखलेला दाब) लावला जातो, अडकलेल्या दाबापेक्षा थोडा कमी, म्हणजे पेशंटला चढायची पायरी लहान होते.

हे पलंगाशी उभं राहून बघता येतं. मॉनिटरवर श्वास १८ दिसतो. पेशंटच्या पोटावर हलका हात ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा; हाताला २६ वेळा उचल जाणवली, तर मधले ८ प्रयत्न मशीनने ऐकलेच नाहीत. मॉनिटर दिलेले श्वास मोजतो, मागितलेले नाही. आलेखात बघायचं तर उच्छ्वासाच्या प्रवाहाची रेषा शून्याकडे सरळ येता येता मध्येच एक छोटी कुबड दाखवते आणि पुन्हा खाली जाते. ती कुबड म्हणजे तो फुकट गेलेला प्रयत्न.

दुसरा प्रकार दुहेरी श्वास. मशीनचा श्वास संपला तरी पेशंटचं ओढणं चालूच असतं. मशीनला वाटतं नवी मागणी आली, आणि उच्छ्वास व्हायच्या आतच दुसरा श्वास पहिल्यावर रचला जातो. फुफ्फुस जपायचं म्हणून ४०० मिलिलिटर लावलेले असतात आणि आत जातात ८०० च्या आसपास. गंभीर न्यूमोनिया किंवा एआरडीएसमध्ये (दोन्ही फुफ्फुसांना तीव्र सूज येऊन ती कडक होतात ती अवस्था) हे परवडत नाही. तिथे उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला साधारण ६ मिलिलिटर एवढंच माप ठेवण्याचा सगळा आटापिटा असतो, आणि २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १२ ऐवजी ६ ठेवल्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं होतं.

२००६ मधल्या एका फ्रेंच अभ्यासात ६२ पेशंट बघितले. सुमारे चौथा हिस्सा पेशंटमध्ये दर १०० पैकी १० हून अधिक प्रयत्नांत ताल चुकत होता आणि हेच पेशंट मशीनवर जास्त दिवस राहिले. ताल चुकला म्हणून दिवस वाढले की आजारच जास्त होता म्हणून दोन्ही झालं, हे त्यातून सांगता येत नाही.

कोणी श्वास न मागता मशीन आपणहून देऊ शकतं का?

हो. नळीत साठलेलं पाणी हललं, कुठे गळती असली, किंवा हृदयाचे ठोके इतके जोरकस असले की फुफ्फुसातली हवा त्यांच्या तालावर हलू लागली, तर मशीन त्यालाच पेशंटचा श्वास समजतं. अचानक श्वासाचा वेग वाढला आणि पेशंट मात्र आरामात दिसतोय, तर आधी नळीतलं पाणी बघायचं.

याचा एक फार नाजूक परिणाम आहे. मेंदूचं काम पूर्ण थांबलेला पेशंटही यामुळे मशीनवर ‘स्वतः श्वास घेतोय’ असं दिसू शकतो. नातेवाइकांच्या मनात आशा उभी राहते आणि त्यांचा काहीच दोष नसतो. म्हणूनच मेंदूमृत्यू ठरवताना स्क्रीनवर भिस्त ठेवत नाहीत. व्हेंटिलेटरचे श्वास बंद करून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या पातळीपर्यंत चढू देतात आणि छाती-पोटाची हालचाल होते का हे उघड्या डोळ्यांनी बघतात.

एवढी कटकट, तर पूर्ण गुंगी देऊन सगळं मशीनवर का सोपवत नाही?

काही वेळा तेच करतात. एआरडीएस फार तीव्र असेल तेव्हा पहिले एक-दोन दिवस खोल गुंगी, गरज पडल्यास स्नायू सैल करणारं औषधही. पण त्याची किंमत मोजावी लागते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. हे दाते १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते आणि श्वासपटल पूर्ण निष्क्रिय होतं. तेवढ्या वेळात स्नायूतंतूंचं आकारमान तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी भरलं. म्हणजे दोन-तीन दिवसांचा संपूर्ण आराम या स्नायूला भोवतो. २००० साली शिकागोतल्या अभ्यासात रोज एकदा गुंगीचं औषध थांबवून पेशंटला जागं होऊ दिलं, तर मशीनवरचा मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला.

म्हणून सकाळी गुंगी कमी केल्यावर पेशंट हालचाल करतो, थोडा अस्वस्थ दिसतो, तेव्हा ‘त्याला झोपवूनच ठेवा’ अशी गळ घालण्याआधी कारण विचारा. नळी टोचत असेल, कफ साठला असेल, वेदना असतील. त्यावर उपाय वेगळे आहेत.

म्हणजे स्वतः श्वास घेणं नेहमी चांगलंच?

नाही. फुफ्फुस आधीच जखमी असेल आणि पेशंट फार जोरात हवा ओढत असेल, तर ती ओढच फुफ्फुसाला आणखी इजा करू शकते. मानेचे स्नायू ताणलेले, नाकपुड्या फुललेल्या, बरगड्यांमधली जागा आत खेचली जाणारी, असा पेशंट ‘स्वतः श्वास घेतोय’ म्हणून समाधान मानायचं नसतं. बऱ्याच मशीनवर पी-०.१ नावाचं माप मिळतं: श्वासाच्या सुरुवातीला वाट बंद ठेवून पहिल्या दशांश सेकंदात पेशंट किती दाब ओढतो ते. फार कमी आलं तर सपोर्ट जास्त होतोय, फार जास्त आलं तर पेशंट भुकेला आहे. कामाचा सुवर्णमध्य शोधायचा तो या दोन्हींच्या मध्ये.

पीएव्ही आणि नावा हे नवे मोड वेगळे कसे?

प्रेशर सपोर्ट म्हणजे चढावर गाडा ओढणाऱ्याला मागून एकाच ठरलेल्या जोराने ढकलत राहणं. त्याने जोर लावला काय किंवा हात सैल सोडला काय, मागचा जोर तोच. या दोन मोडमध्ये मागचा जोर पुढच्याच्या प्रमाणात बदलतो.

पीएव्ही ही कल्पना मॅग्डी युनेस यांनी १९९२ मध्ये मांडली. फुफ्फुस किती कडक आहे आणि नलिकांत किती अडथळा आहे हे मशीन मोजतं, त्यावरून क्षणोक्षणी पेशंटला किती काम पडतंय याचा हिशेब करतं आणि त्यातला ठरलेला टक्का स्वतः उचलतं. ७० टक्के लावलं तर पेशंटवर ३० राहतात. हिशेब चुकला किंवा नळीतून हवा गळत असली, तर मात्र मदत गरजेपेक्षा जास्त होत जाते.

नावा त्याहून एक पाऊल मागे, म्हणजे मेंदूच्या जास्त जवळ जाऊन ऐकतं. १९९९ मध्ये सिंडर्बी आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र प्रसिद्ध केलं. नाकातून पोटात जी अन्नाची नळी घालतात, तशाच नळीवर बारीक इलेक्ट्रोड असतात आणि ते श्वासपटलाच्या पातळीवर येतील असे बसवतात. श्वासपटलाला पोचलेला विजेचा इशारा मायक्रोव्होल्टमध्ये मोजला जातो, आणि दर मायक्रोव्होल्टमागे किती दाब द्यायचा हे डॉक्टर लावतात. हवा हलण्याची वाट बघावी लागत नाही, म्हणून अडकलेली हवा किंवा गळती आडवी येत नाही. नळी सरकली तर इशारा हरवतो. आणि फ्रेनिक नस निकामी असेल किंवा स्नायू सैल करणारं औषध चालू असेल, तर ऐकायला काही नसतंच.

ताल या मोडमध्ये चांगला जुळतो, हे अनेकदा दिसलं आहे. जीव वाचण्याचं प्रमाण त्यामुळे वाढतं, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ‘नावा नाही म्हणजे उपचार कमी पडले’ असा निष्कर्ष काढू नका. पलंगाशी थांबून साधं प्रेशर सपोर्ट नीट लावणारा माणूस मला जास्त मोलाचा वाटतो.

पेशंट श्वास घ्यायचा थांबला तर?

मशीन ठरलेला वेळ, बहुधा २० सेकंदांच्या आसपास, वाट बघतं, अलार्म देतं आणि स्वतः श्वास द्यायला लागतं. रात्री हे जास्त घडतं. झोपेत श्वसनाचा हुकूम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवर चालतो. सपोर्ट जास्त असेल तर ती पातळी इतकी उतरते की मेंदूला श्वास मागायची गरजच वाटत नाही. २००२ मधल्या एका छोट्या अभ्यासात ११ पैकी ६ पेशंटचा श्वास प्रेशर सपोर्टवर झोपेत असा थांबत होता, असिस्ट-कंट्रोलवर एकाचाही नाही. म्हणून दिवसा एक मोड आणि रात्री दुसरा, हा बदल दिसला तर ती पीछेहाट समजू नका.

मास्कवाल्या मशीनलाही हेच लागू आहे का?

हो, आणि मास्कच्या कडेने हवा गळते म्हणून तिथे ऐकणं आणखी अवघड. गळती मोठी असली तर मशीनला श्वास संपल्याचंच कळत नाही. पट्टे करकचून आवळणं हा उपाय नव्हे, नाकावर जखम होते. योग्य मापाचा मास्क शोधावा लागतो.

लहान बाळांचं काय?

नवजात बाळाचा श्वास काही मिलिलिटरचा आणि मिनिटाला ४० ते ६०. श्वास आत घ्यायला बाळाला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, तेव्हा मशीनने उशीर केला की श्वासच हुकतो. त्यातून त्यांच्या नळीभोवती गळती जास्त. त्यामुळे त्यांच्यासाठी प्रवाहाचं मोजमाप अगदी नळीच्या तोंडाशी करतात.

सपोर्टची सवय लागून मशीन सुटतच नाही, हे खरं का?

सवय लागत नाही, स्नायू अशक्त होतात. नळी काढायची वेळ आली का हे बघायला रोज चाचणी घेतात: सपोर्ट अगदी कमी करून किंवा काढून ३० मिनिटं ते २ तास पेशंटला स्वतः श्वास घेऊ देतात. यँग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये दिलेला एक सोपा हिशेब आजही वापरात आहे. मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाचे लिटर. २० श्वास आणि अर्धा लिटर, म्हणजे ४०, छान. ३५ श्वास आणि पाव लिटर, म्हणजे १४०. उथळ आणि घाईचा श्वास, टिकण्याची शक्यता कमी. सीमारेषा १०५ च्या आसपास. मात्र हा आकडा मशीनच्या मदतीशिवाय मोजायचा असतो, सपोर्ट चालू ठेवून काढलेला फसवा चांगला येतो.

चाचणी पास झाली, नळी काढली, आणि पुन्हा घालावी लागली. कोणाची चूक?

बहुधा कोणाचीच नाही. चाचणी पार करूनही नळी काढलेल्या दहांपैकी एखाद-दुसऱ्याला ती पुन्हा लागतेच. हे प्रमाण शून्यावर आणायचं ठरवलं, तर तयार असलेले कित्येक पेशंट विनाकारण नळीवर पडून राहतील. खोकला जोरदार आहे का, कफ किती येतो, पेशंट किती जागा आहे, हे मशीनला कळत नाही, ते माणसांनी बघायचं असतं. धोका जास्त वाटला तर नळी काढल्याबरोबर मास्कवाला सपोर्ट किंवा नाकातून वेगाने ऑक्सिजन सुरू करतात, धाप लागायची वाट बघत नाहीत.